उजवीकडची सीट

"बोटीत बसायची हौस आली हिला," आई म्हणाली. "घाटावरची माणसं ती. बघ काय करून घेतलंय."

वहिनी जेटीवर डिझेलच्या पिंपाशेजारी उभी होती. डोळ्यांवर काळा चष्मा होता, पण गाल एवढा सुजलेला की चष्म्याची डावी बाजू वर उचलली गेली होती. त्याच बाजूचा हात ओढणीने गळ्यात बांधलेला. रेसचा दिवस, अजून तासाभराने बोटी सुटणार, आणि आमची रेडिओवाली ही अशी.

"काय झालं गो?" मी विचारलं.

उत्तर दादाने दिलं. "काल संध्याकाळी एक फेरी मारून आणली. कधीची मागे लागली होती. पहिल्याच वळणाला आपटली. घट्ट धर म्हणून मी बोंबलत होतो."

"बेल्ट नव्हता?"

"होता. सैल राहिला असेल."

"आणि हेल्मेट?"

"दोन मिनिटांच्या फेरीला कशाला हेल्मेट?"

मी वहिनीकडे वळले. मी तेव्हाही तोंडाळच होते, आता तर विचारू नका. "काय आकाशवाणी? वर बसून शेळ्या हाकत होतीस ते काय वाईट होतं? आमच्या सीटवर बसायला कोणी सांगितलं होतं तुला?"

"चुकलंच," वहिनी म्हणाली. "पहिल्याच वळणावर लागलं. तुमच्या सीटवर बसले होते."

"माझ्या सीटवर बसायला कंबर लागते. घाटावरची शाळा नाही ती."

दादा हसला. आईसुद्धा हसली. वहिनी हेडफोन घेऊन मचाणाकडे चालू लागली.

ही गोष्ट अठराएक वर्षांपूर्वीची. आम्ही कोळी, बापाच्या दोन मच्छीमारी बोटी होत्या. दादा, म्हणजे मोरेश्वर, त्याला लहानपणापासून वेगाचं वेड. मांडव्याला पर्यटकांच्या स्पीडबोटी चालवता चालवता त्याला पारेख शेठ भेटला. शेठला रेसची बोट घ्यायची होती आणि दर्याची खोड माहीत असलेली माणसं हवी होती. शेठने बोट आणली, तिला आपल्या मुलीचं नाव दिलं, किंजल. रेसच्या बोटीत दोघं लागतात. एकाच्या हातात स्टिअरिंग, दुसऱ्याच्या हातात थ्रॉटल, म्हणजे वेग. स्टिअरिंगला दादा. थ्रॉटलला त्याने मला घेतलं.

सगळं गाव हसलं होतं. बाजारात मासे विकणारी पोरगी रेसच्या बोटीत? दादाने कोणाला जुमानलं नाही. "द्वारकेला लाट कळते," एवढंच तो म्हणाला. मला टोपलीखालून उठवून त्या बोटीत बसवलं ते माझ्या भावाने, आणि त्याच्यासाठी मी जीवही दिला असता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे काय झालं ते ऐकून लोक म्हणतात, हिचं भावाशी आधीपासूनच वाकडं असणार.

वाकडं होतं ते वहिनीशी. वैजयंती तिचं नाव, कराडची. माशाचं पाणी ओततानाही नाकाला पदर लावायची. आईने 'नाय' म्हटलं की ही हळूच 'नाही' म्हणायची. शुद्ध बोलायची म्हणून शेठने तिला रेडिओवर बसवलं होतं. बांबूच्या मचाणावर दुर्बीण घेऊन बसायचं आणि पुढे कोण, मागे कोण, वारा कुठून, लाट कशी, ते आमच्या कानात सांगायचं. बातम्या दिल्यासारखी सांगायची. म्हणून मी तिला आकाशवाणी म्हणायचे, आणि ते प्रेमाने म्हणत नव्हते.

आता बोट वळताना अंगावर जो जोर येतो, ज्याला रेसवाले 'जी' म्हणतात, तो काय ते सांगते, नाहीतर तुम्हाला पुढचं कळायचं नाही. शेठने आणलेला ट्रेनर फळ्यावर आकडे लिहून शिकवायचा. मी माझ्या भाषेत सांगते. तुम्ही खुर्चीत बसलात की तुमचं जेवढं वजन खुर्चीवर पडतं, तो एक जी. बोट जोरात वळली की तेच वजन तिप्पट-चौपट होतं आणि तुम्हाला वळणाच्या उलट्या अंगाला फेकतं. एसटी घाटात वळली की शेजारच्याच्या अंगावर जाता ना, तसंच. फक्त इथे तुमच्यासारखी चार माणसं तुमच्याच मानेला लोंबकळतात. आणि बोट लाटेवरून उडून पाण्यावर आपटली की तो जी खालून येतो, सरळ मणक्यातून डोक्यात. पाणी मऊ असतं हे किनाऱ्यावरच्यांनी म्हणावं. त्या वेगात पाणी म्हणजे काँक्रीट.

आपटायच्या आत तोंड मिटायचं, दात दातावर, नाहीतर जीभ गेली. काय बोलायचं ते हवेत असताना, नाहीतर सपाट पाण्यावर. आणि लाटेच्या माथ्यावर मी थ्रॉटल मागे घ्यायचा, म्हणजे बोट अलगद उतरते. पाण्याला टेकली की परत पुढे. मी तो मागे घेतला नाही तर बोट लांब उडणार आणि धाडकन पडणार. म्हणजे बोट कुठे जाणार हे दादा ठरवायचा, पण त्याची कंबर माझ्या हातात असायची.

त्या दिवशी जिंकलो असतो तर शेठ आम्हाला दुबईच्या रेसला नेणार होता. दादाने पासपोर्टसुद्धा काढून ठेवला होता.

आमच्या डोक्यावरची बोटीची झडप बंद झाली. डावीकडे दादा, उजवीकडे मी, दोघं पाच-पाच पट्ट्यांनी सीटला आवळलेले. माझ्या उजव्या खांद्याला बोटीची भिंत, तिला जाड पॅड लावलेलं.

"रेडिओ चालू आहे," कानात वहिनी म्हणाली. "आवाज येतोय?"

"येतोय," मी म्हटलं.

"मला फक्त लाटा सांग," दादा म्हणाला. "बाकी गप्प राहा."

हिरवा झेंडा पडला. आठ बोटी सुटल्या. आम्ही दुसऱ्या होतो, पुढे गोव्याची पिवळी बोट. दर्या जरा उठलेला, पण आमच्या सवयीचा. पहिल्या बोयाकडे, म्हणजे वळणाची खूण म्हणून पाण्यात तरंगत ठेवलेल्या पिंपाकडे आलो.

"डावं!" दादा ओरडला.

मी मान आवळली, पोट आवळलं. बोट कलली आणि माझं सगळं अंग उजवीकडे गेलं. हेल्मेट पॅडवर दाबलं गेलं, गाल आतल्या स्पंजमध्ये रुतला, खांदा भिंतीत. नेहमीसारखं. आमच्या रेसमध्ये बोये डाव्या हाताला ठेवूनच फेरी मारायची, तो नियम, त्यामुळे वळण दर वेळी डावीकडेच. माझा उजवा खांदा कायम काळानिळा असायचा. आई हळद लावायची त्याला. डाव्या अंगाला मात्र कधी ओरखडा नाही.

सपाट पाण्यावर आलो आणि मला वहिनीचा गाल आठवला.

मला गणित येत नाही. पण ह्यात गणित कुठे होतं? वहिनी माझ्या सीटवर बसलेली. बोट डावीकडे वळली. म्हणजे बाई उजवीकडे आपटायला हवी. हिचा तर डावा गाल, डावा हात. आणि माझ्या सीटच्या डावीकडे भिंत नाही, दांडा नाही, काहीच नाही. डावीकडे दादा बसतो.

"दादा," मी म्हटलं, "काल वहिनी कुठे बसली होती?"

"आत्ता विचारतेस हे?"

"कुठे बसली होती?"

"माझ्या डोक्यावर! तुझ्या सीटवर, आणखी कुठे बसणार? लाट बघ!"

मी थ्रॉटल मागे घेतला. बोट उतरली. परत पुढे.

"पहिल्याच वळणाला लागलं ना?"

"हो गो बाई!"

"उलटी फेरी मारली होतीस का? उजवीकडे वळलास?"

"उलटी कशाला मारीन? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"मग तिचा डावा गाल कशावर आपटला?"

तो गप्प झाला. कानात नुसतं इंजिन. माझा भाऊ बोटीत कधी गप्प बसत नाही. लाटेला शिव्या देईल, पुढच्याच्या आईला देईल, पण गप्प नाही.

"पुढची बोट दीडशे मीटरवर," वहिनी म्हणाली. "वारा उजवीकडून वाढतोय."

"कशावर आपटला, दादा?"

"घरी बोलू."

"घरी नको. आत्ता सांग."

दुसरा बोया आला. ह्या वेळी त्याने "डावं" म्हणून सांगितलंच नाही. मी मान आवळायच्या आत स्टिअरिंग फिरवलं, बोयाला घासून, जितकं आवळून वळता येईल तितकं. माझं डोकं पॅडवर आदळलं. मानेत कळ गेली, डोळ्यांपुढे सगळं करडं झालं, नळीतून बघितल्यासारखा समोरचा एवढासा तुकडा दिसत राहिला. बोट सरळ झाली तेव्हा तोंडाला कडू पाणी सुटलं होतं.

"कळलं?" तो म्हणाला. "गप्प बस म्हटलं की गप्प बसायचं."

असं तो माझ्याशी आयुष्यात बोलला नव्हता. आणि मला एकदम वाटलं, अरे, हा आवाज ह्याला नवीन नाही. हा घरात वापरून सरावलेला आवाज आहे.

"मारलीस तिला," मी म्हटलं.

"नवरा-बायकोचं आहे ते. नणंदेने त्यात नाक खुपसायचं नाही."

"मारलीस की नाही?"

"आणि तुला कधीपासून तिचा पुळका? तुला तरी कुठे आवडते ती? आकाशवाणी म्हणतेस, घाटावरची म्हणतेस..."

"नाही आवडत! माशाला नाक मुरडते, आईचे शब्द सुधारते, मला मेली अजिबात आवडत नाही. म्हणून तोंड फोडायचं तिचं?"

"उजवीकडून लाट," वहिनी म्हणाली. आवाज तसाच, बातम्यांचा.

ती सगळं ऐकत होती. रेडिओ नेहमीच उघडा असायचा, आमचं बोलणं तिला आणि तिचं आम्हाला. दादालाही ते माहीत होतं. पण ती ऐकतेय ह्याची त्याला फिकीर कशाला असेल? संध्याकाळी ती त्याच्याबरोबरच घरी जाणार होती, आमच्याच घरात, त्याच खोलीत, आणि कडी तोच लावणार होता. आई म्हणणार होती, हौस आली होती हिला. हे सगळं मला त्या एका क्षणात दिसलं आणि माझं डोकं फिरलं.

लाटेचा माथा आला. मी थ्रॉटल मागे घेतला नाही.

बोट उडाली. हवेत असताना वजनच नसतं. बेल्टच्या आत अंग तरंगतं, पोट गळ्याशी येतं, आणि बोटीखालचा पंखा पाण्याबाहेर किंचाळायला लागतो. फार वेळ वाटतो तो. मग आपटलो. माझे दात करकरले.

"थ्रॉटल!" दादा ओरडला. "झोपलीस काय?"

"मारलीस की नाही?"

"द्वारके, इंजिन जाईल!"

"जाऊ दे."

दुसरी लाट. ह्या वेळी तो ओरडत असतानाच आपटलो. त्याची जीभ दातांत सापडली. हेल्मेटच्या काचेआड हनुवटीवर रक्त ओघळताना दिसलं. त्याने स्टिअरिंगवरचा एक हात सोडला आणि माझं मनगट धरलं. आमची बोट लगेच तिरकी पळायला लागली, कारण त्या वेगात एका हाताने ती कोणाच्या बापाला आवरत नाही. हात परत न्यावाच लागला.

"तुझी मी तंगडी तोडतो, घरी चल!"

"तिसरी येतेय. बोल."

तिसरी आली. माझ्या कमरेत काहीतरी तट् झालं आणि डाव्या पायात मुंग्या धावल्या. दादा कण्हला. मग तो जो ओरडला, तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

"हो! मारली! उलट बोलली म्हणून मारली! दारावर आपटली! परत बोलली तर परत मारीन, माझी बायको आहे ती! तू काय करणार आहेस गो? काय करणार आहेस?"



माझा हात मागे यायला लागला होता. मला जे ऐकायचं होतं ते ऐकून झालं होतं, आणि मला दुखत होतं, भयंकर दुखत होतं. मी त्याला आपटत होते तशीच स्वतःलाही आपटत होते. बोट काही माणूस बघून आपटत नाही. शिवाय तो माझा भाऊ होता. रडत नव्हता, पण श्वास रडणाऱ्याचा होता. मी म्हटलं, बस झालं आता.

"पुढे मोठी लाट आहे," वहिनी म्हणाली. "आडवी. सगळ्या बोटी वेग कमी करतायत." मग म्हणाली, "द्वारकाताई, थ्रॉटल मागे घेऊ नका."

मी त्याच्याकडे बघितलं. त्यानेही ते ऐकलं होतं. काचेआडून माझ्याकडे बघून तो मान हलवत होता, नको, नको. लहानपणी बापाने पट्टा काढला की आम्ही दोघं एकमेकांकडे असंच बघायचो.

मी थ्रॉटल पुढे ढकलला, शेवटपर्यंत.

आम्ही किती उंच गेलो ते मला माहीत नाही. गोव्याच्या बोटीवरचे नंतर सांगायचे की त्यांना आमचं सगळं बूड दिसलं. मला आठवतं ते पंख्याचं किंचाळणं, मग इंजिनात काहीतरी फुटल्याचा आवाज, मग शांतता. आणि मग पाणी.

शुद्धीवर होते. पाय होते, पण ते माझे वाटत नव्हते. बोट डोलत होती, धूर येत होता, बाकीच्या बोटी बाजूने निघून गेल्या.

"बोट मोडलीस," दादा म्हणाला. जीभ सुजल्यामुळे त्याचं बोलणं बोबडं येत होतं. "दुबई घालवलीस. त्या बाईसाठी."

"पाय हलत नाहीत माझे."

"मरा दोघी. आईला काय सांगणार आहेस? काय सांगणार? कोण ऐकणार आहे तुझं?"

"आईने ऐकलं," मी म्हटलं. "दादा, आज शेठचा स्पीकर चालू आहे."

तो तेवढं विसरला होता. शेठला भारी हौस, पाहुणे बोलवायचे, मांडव घालायचा आणि आमचं रेडिओवरचं बोलणं स्पीकरवर ऐकवायचं. लाटा, शिव्या, सगळं. पाहुण्यांना मजा वाटायची. त्या दिवशी मांडवात शेठ होता, त्याचे पाहुणे होते, आमची आई होती आणि अर्धा कोळीवाडा होता.

दादाने हेल्मेट काढलं आणि पायांत ठेवलं. बचावाची होडी येईपर्यंत आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. त्यानंतर आजपर्यंत बोललेलो नाही.

जेटीवर मला फळीवर बांधून उतरवलं. आई पुढे आली. मला वाटलं, कपाळावरून हात फिरवील. ती वाकली आणि म्हणाली, "चार लोकांत भावाला उघडा पाडलास. तो मेला असता मंजे?"

"मी पण आतच होते, आई."

"तू कोन गो त्यांच्या मधी पडनारी? नवरा-बायकोची भांडना कोनाच्या घरान नाय?"

शेठचे पाहुणे हातात वड्यांच्या बशा घेऊन उभे होते. कोणी खात नव्हतं. शेठ मोबाइलवर कोणाला तरी इंजिनाबद्दल सांगत होता. वहिनी मचाणाखाली उभी होती, हेडफोन अजून गळ्यात. माझ्याकडे आली नाही. आईकडे नाही, दादाकडेही नाही.

माझा एक मणका चेपला होता. डॉक्टर म्हणाले, चालशील, पण ओझं उचलायचं नाही, आणि बोट तर विसरूनच जा. आई हॉस्पिटलात आली नाही. शेजारची काशीमावशी पेज आणून द्यायची, तीही दारातून.

आणि एक दिवस वहिनी आली. सूज उतरली होती, गाल पिवळा पडलेला. खांद्यावर प्रवासाची बॅग. खुर्चीवर बसली नाही, पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली.

"तक्रार दिलीये मी," ती म्हणाली. "हवालदार तुमच्याकडे जबाबाला येतील. द्यायचा तर द्या. शेठच्या पाहुण्यांपैकी दोघांनी दिलाय."

"कशी आहेस, असं तरी विचार मला."

"दिसतंय की."

मला रागच आला. एवढं केलं हिच्यासाठी, कंबर मोडून घेतली, भाऊ तुटला, आई तुटली, आणि ही उभ्या उभ्या बोलतेय. "एवढं सोसत होतीस, तर मला सांगायला काय झालं होतं? तोंड शिवलं होतं का कोणी?"

"काय सांगायचं? बाथरूममध्ये पडले म्हणून सांग, असं हे म्हणत होते. तसं सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात?"

मी खोटं बोलत नाही. "डोळे फुटले होते का, म्हटलं असतं."

"आणि ह्यांनी मारलं म्हणून सांगितलं असतं तर?"

मला पटलं असतं? दादाबद्दल? त्या आठवड्यात? तिच्या तोंडून?

"म्हणून मीच म्हटलं ह्यांना," वहिनी म्हणाली, "बाथरूम कशाला, बोटीत लागलं म्हणून सांगू या. पहिल्या वळणावर, द्वारकाताईंच्या सीटवर. सगळ्यांना पटेल. ह्यांना लगेच पटलं. मला म्हणाले, पहिल्यांदाच डोकं चालवलंस."

मला जरा वेळ लागला. ही बाई दोन वर्षं मचाणावर बसून आमची एकूण एक फेरी बघत होती. प्रत्येक रेसनंतर मी उजवा खांदा चोळत उतरायचे, तेही बघत होती. बोटीत मात्र ती कधीच बसली नव्हती. आदल्या दिवशीही नाही.

"तू मुद्दाम..."

"माझ्यावर तुमचा विश्वास नव्हता. बोटीवर होता."

बाहेर वॉर्डबॉय कोणावर तरी ओरडत होता. मी उशीवर मान टाकली. हिला शिव्या द्याव्यात की पाया पडावं, मला कळेना. आवडायला तर ती मला आजही लागलेली नाही.

"आणि मला कळलं नसतं तर?" मी विचारलं. "मी काही तुझ्यासारखी शिकलेली नाही. रेस संपेपर्यंत लक्षातच आलं नसतं तर?"

"पहिल्या वळणाचीच वाट बघत होते. ते संपताच तुम्ही विचारलंत, तेव्हा दुर्बीण क्षणभर खाली ठेवली मी."

"पण विचारलंच नसतं तर? काय केलं असतंस तू?"

वहिनीने बॅग खांद्यावर नीट घेतली. पहिल्यांदाच तिचा आवाज बातम्यांचा राहिला नाही.

"घरी गेले असते, द्वारकाताई. त्यांच्याबरोबर. तुमच्या डोळ्यांसमोरून."